तात्याबाची वाघर

त्या दिवशी हॉस्पिटलला जाण्याआधी मी एस.टी. स्टँडवर गेले, पार्सलचं विचारायला. आमच्याकडे लागणाऱ्या शीटचा खोका यायचा होता. पार्सलवाल्याने मान वर न करताच सांगितलं, "न्हाई आलं, म्याडम. उसाच्या गाड्यांनी रोड जाम हाय. उद्या बघा." हे 'उद्या बघा' मी आठवडाभर ऐकत होते. चिडून उपयोग नव्हता. स्टँडवरच चहा घेतला आणि गाडी महामार्गाला घेतली.

तो खोका वेळेवर आला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, म्हणून त्याच्यापासून सुरुवात केली. तुम्ही मला भित्री समजू नका. मी कॅन्सरला किरणांनी उपचार देणारी डॉक्टर आहे आणि माझा विश्वास मोजता येईल तेवढ्यावरच बसतो. माझं माहेर परळीचं. अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर थर्मल वीज केंद्राची राख बसायची, ती झटकत झटकत मी मोठी झाले. शिकताना ज्या जुन्या मशीनवर हात बसला तिथे सुक्याबरोबर ओलंही जळायचं. गाठ जायची, पण पेशंटची लाळही कायमची आटायची. नंतर नवी मशीन आली. गाठीचा आकार जसा वळेल तसा किरण वळवता येऊ लागला, आणि मला वाटलं, यासाठीच तर आपण आलो. मुंबईत राहिले असते तर बरंच झालं असतं असं आई अजून म्हणते. पण आमच्या जिल्ह्यातला पेशंट मुंबईला पोहोचेपर्यंत अर्धा थकतो आणि राहिलेला अर्धा परत येताना. म्हणून गेवराईच्या अलीकडे एका ट्रस्टने हॉस्पिटल काढलं तेव्हा मी उठून इकडे आले.

आमचं काम मिलिमीटरचं. डोक्यामानेच्या पेशंटने तसूभरही हलता कामा नये. त्यासाठी ती शीट. प्लास्टिकची जाळी असते, पांढरी, पाटीसारखी सपाट. गरम पाण्यात टाकली की मऊ आणि आरपार दिसेल अशी होते. मग ती पेशंटच्या चेहऱ्यावर ताणून बसवायची. थंड झाली की कडक होते आणि चेहऱ्याचा हुबेहूब मुखवटा तयार. रोज उपचाराच्या वेळी तो घालून, टेबलाला खटके लावून डोकं पक्कं करायचं. उपचार संपल्यावर तीच शीट परत गरम पाण्यात टाकली तर ती चेहरा विसरते. पुन्हा सपाट पाटी. ते पाहताना मला नेहमी कसंतरी होतं.

आणि मशीनची ती खोली. भिंती घराच्या ओसरीच्या रुंदीएवढ्या जाड, खिडकी नाही, शिशाचं जड दार. बाहेर दुपार असली तरी आत कायम रात्रच. स्पिरिटचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास. किरण चालू असताना आत पेशंटशिवाय कुणीही थांबायचं नाही, हा आमचा पहिला नियम. आम्ही बाहेर बसून पडद्यावर त्याला बघतो आणि स्पीकरवर त्याचा श्वास ऐकतो. लहान लेकरू असलं तरी आईने बाहेरच थांबायचं.

तर, मी पोहोचले तेव्हा मुखवटे बनवायच्या मोल्ड रूमच्या दाराशी बाकावर दोघी बसल्या होत्या. एक धनश्री, एकोणीस वर्षांची. हिचे कागद मी पाहिले होते. नाकाच्या मागे, मेंदूच्या पायथ्याशी गाठ. तिला एकाचे दोन दिसू लागले होते. अशी गाठ किरणांना चांगली दाद देते, पण दोन अटी असतात. लवकर सुरू करायचं आणि मध्ये खंड पाडायचा नाही. खंड पडला की वाचलेल्या पेशी दुप्पट जोराने उठतात. तिच्या शेजारी तिची आजी होती. डोक्यावर पदर, हातात स्वच्छ धडप्यात गुंडाळलेलं काहीतरी. आजीला मी ओळखलं. ती उमापूरकडची सारजाबाई, आमच्या तात्याबाची बायको.

तात्याबा मेंढपाळ. डाव्या गालात गाठ, तंबाखूची देणगी. पहिल्यांदा जाळीचा मुखवटा पाहून तो हसला होता. "ही तर वाघर हाय की, म्याडम." रात्री मेंढरांभोवती जाळं लावतात ना, ती वाघर. "आजवर मेंढरं घातली आत, आता माझी पाळी." गालावर गाठीचा उंचवटा होता, तो मुखवट्यातही तसाच उमटला. उपचार निम्म्यावर आला आणि एक दिवस तो म्हणाला, कळप नदीकडं हलवायचाय, पुढं चालणारा मीच हाय, चार दिसांत येतो. मी समजावलं, रागावले, शेवटी हात जोडले. तो आला नाही. उन्हाळ्यात गेला, रानातच.

जे असे मध्येच सोडून जातात त्यांचे मुखवटे मी टाकत नाही. मोल्ड रूमच्या आतल्या भिंतीवर खिळ्यांना ते टांगलेले असतात. आमचा तंत्रज्ञ युवराज, धारूरचा पोरगा, मला चिडवतो, "मॅडम, तुम्ही भंगाराचं दुकान टाका." मी म्हणते, आला परत तर? येत कुणी नाही. पण तात्याबाचा खिळा रिकामा होता, कारण तो गेल्यावर सारजाबाई स्वतः येऊन त्याचा मुखवटा मागून घेऊन गेली होती. त्यांच्यात घरचा जाणता माणूस गेला की त्याच्या चेहऱ्याचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात. सोनाराला दाखवायला तात्याबाचा एकही धड फोटो नव्हता. म्हणून मुखवटा.

सारजाबाईने धडपं सोडलं. आत तोच मुखवटा. कपाळावर भंडाऱ्याचं पिवळं बोट, गालावर तो उंचवटा.

"पोरीला ह्योच घाला," ती म्हणाली.

"मावशी, हा त्यांच्या मापाचा आहे. हिला कसा होईल?"

"तुमीच सांगितलतं ना, गरम पाण्यात टाकलं की नवं हुतंय. त्यातूनच पोरीचं करा."

मी युवराजकडे पाहिलं. वापरलेली शीट पुन्हा वापरायची नाही असा नियम आहे. पण आमच्याकडे शिल्लक एकही नव्हती आणि धनश्री एका डोळ्यावर हात धरून बसली होती, एकाचे दोन दिसू नयेत म्हणून.

"मावशी, नव्या शीट येतायत. चार दिवस..."

"चार दिवस," सारजाबाई म्हणाली, आणि थांबली. हे शब्द त्या घराने आधी ऐकले होते. मग हळू आवाजात म्हणाली, "म्याडम, ही पोर एकटी कधी निजली न्हाई. आई न्हाई हिला, बाप कळपामागं. तुमी दार लावून घेता आन् आत कुणालाच ऱ्हाऊ देत न्हाई. जित्या माणसाला न्हाई ऱ्हाता येत ना आत? मग हे ऱ्हातील."

युवराजने मुखवटा उजेडात धरून तपासला. जाळी कुठे पातळ झाली नव्हती, एक दोरा तुटला नव्हता. "चालेल, मॅडम," तो म्हणाला. मी हो म्हटलं. आजही तीच वेळ आली तर तेच म्हणेन.

पाण्यात टाकताना सारजाबाईने हात जोडले. तात्याबाचा चेहरा पाण्यात मऊ पडला, नाक बसलं, गालाचा उंचवटा विरला, आणि तळाशी नुसती पारदर्शक जाळी राहिली. ती आम्ही धनश्रीच्या चेहऱ्यावर ताणली. गरम वाटेल असं मी तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, "गरम न्हाई. कुणी तोंडावरनं हात फिरवल्यावानी वाटलं."

उपचार सुरू झाला. तिची वेळ संध्याकाळची, शेवटची. त्या दिवसांत लवकर अंधारायचं आणि बाहेरच्या रस्त्यावरून उसाच्या बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज यायचा. आत मात्र काही ऐकू येत नाही, दार लागलं की सगळं तुटतं.

आमच्याकडे रोज किरणाआधी एक छोटा स्कॅन होतो. पेशंट कालच्या जागेवर आहे का ते त्यात बघायचं आणि जेवढा फरक असेल तेवढं टेबल सरकवायचं. फरक असतोच. माणूस आहे, एखाद्या दिवशी मान जराशी वळते, एखाद्या दिवशी खांदा चढतो. धनश्रीचा फरक शून्य आला. युवराज खूश. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशीही. आठवड्याच्या शेवटी युवराज खूश दिसत नव्हता.

"मॅडम, असं कधी होतं का?"

"तू चांगलं बसवतोस."

"मी तसाच बसवतो जसा बाकीच्यांना बसवतो," तो म्हणाला. "हिला कुणीतरी धरून ठेवल्यासारखं होतंय."

मी त्याला हसले. म्हटलं, मशीनच तपासून घेऊ. आमच्या फिजिसिस्टने तपासलं. मशीनला काही झालं नव्हतं. धनश्रीला एकाचे दोन दिसणंही कमी होत होतं. आपलं काम झाल्याशी मतलब, असं मी स्वतःला समजावलं.

तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, गिळवत नाही, वजन उतरतं. धनश्रीचंही उतरलं. गाल आत गेले. अशा वेळी मुखवटा सैल होतो. चेहरा आणि जाळी यांच्यात फट पडते, आणि स्कॅनमध्ये ती काळी दिसते, कारण हवा काळीच दिसते. मी रोज त्या काळ्या फटीची वाट पाहत होते. म्हणजे तोवर खोका येईल आणि फट दिसली की नवा मुखवटा करायचा, एवढं साधं.

त्या संध्याकाळी युवराजने मला हाताने खूण करून बोलावलं. पडद्यावर धनश्रीचा स्कॅन होता. तिचे गाल आत गेलेले स्पष्ट दिसत होते. जाळी होती तिथेच होती. मध्ये चांगली बोटभर जागा. पण ती काळी नव्हती. करडी होती.

स्कॅनमध्ये मांस करडं दिसतं.

"कापूस भरलास का आत?" मी विचारलं.

युवराजने नकारार्थी मान हलवली.

तो करडा थर उजव्या बाजूला पातळ होता. डाव्या बाजूला जाड, आणि गालापाशी वर आलेला. तो उंचवटा मी ओळखला. मी त्याच्याकडे किती दिवस पाहिलं होतं. त्याच्या कडा आखल्या होत्या, त्याच्यावर किरणांचे कोन बसवले होते. धनश्रीच्या अंगात तसलं काहीच नव्हतं. ते तिच्या कातडीच्या बाहेर होतं.

मी आत गेले. खोलीत नेहमीचा वास, आणि त्यात आणखी एक. ओल्या लोकरीचा. मेंढरं जवळून गेली की येतो तो. धनश्री मुखवट्याआड डोळे मिटून पडली होती, शांत. मी खटके न काढता डाव्या गालापाशी जाळीच्या कडेतून बोट आत घातलं. फट रिकामी असायला हवी होती. बोट गेलं... आणि थांबलं. काहीतरी कोमट. आणि त्यावर खुंट. दोन दिवस न केलेल्या दाढीचे टोचतात तसे खुंट.

मी बोट काढून घेतलं. मग खटके काढले, मुखवटा उचलला. खाली एकोणीस वर्षांच्या पोरीचा चेहरा, आत गेलेले गुळगुळीत गाल.

"झालं का, म्याडम?" तिने विचारलं.

"नाही बाळा. तुला... काही होतंय का? मुखवट्यात?"

ती जरा लाजली. "तुमी हसाल."

"नाही हसणार."

"आबा असत्यात. मला काय करत न्हाईत वो. नुसतं मेंढरं मोजत्यात. त्यांचं मोजून झालं की तुमचं बी होतंय."

त्या दिवशी मी किरण सोडलेच नाहीत, आणि रात्री मला झोप लागली नाही. खरं सांगते, भीती वाटली. पण नुसत्या भीतीचं काय, ती कडेला ठेवता येते. प्रश्न पोरीचा होता. माझ्या पेशंटच्या गालावर काय आहे हे मला सांगता येत नसेल, तर मी तिच्यावर किरण कशाच्या भरवशावर सोडायचे? दुसऱ्या दिवशी सकाळी पार्सलवाल्याचा फोन आला. इतके दिवस रखडलेला खोका एकदाचा आला होता. मला सुटल्यासारखं वाटलं.

नव्या शीटचा नवा मुखवटा केला, नवा स्कॅन, नवं सगळं गणित. जुना मुखवटा मी मोल्ड रूममध्ये तात्याबाच्या रिकाम्या खिळ्याला अडकवला. सारजाबाईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुमी म्हणाल तसं."

नव्या मुखवट्याचा पहिला दिवस. स्कॅनमध्ये फट नव्हती, करडं काही नव्हतं, फरक आला तो चार लोकांना येतो तसा. मला इतका आनंद झाला की मी युवराजच्या पाठीवर थाप मारली. दार लावलं. किरण सुरू केला.

किरण बंद पडला.

पडद्यावर अक्षरं आली, दार उघडं आहे. दार लावलेलं होतं. आम्ही ते उघडून पुन्हा लावलं. किरण सुरू, किरण बंद. दार उघडं आहे. युवराजने दाराचं बटण पुसलं, मी स्वतः खांद्याने दार रेटून धरलं. माझ्या खांद्याला दार हललं. फार नाही. बाहेरून कुणी हळूच वाजवावं, आत येऊ का म्हणून विचारावं, तेवढंच. पण बाहेर तर मी होते आणि माझ्या शेजारी कुणी नव्हतं.

स्पीकरवर धनश्रीचा श्वास भराभर येऊ लागला. मग हुंदका. मुखवट्यात रडू आलं की जीव गुदमरतो. आम्ही धावलो. खटके काढले तेव्हा ती थरथरत होती. "एकटी हाय मी," ती म्हणत होती. "आत कुणीच न्हाई... कुणीच न्हाई..."

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर येऊन गेला. दार ठणठणीत. संध्याकाळी पुन्हा तेच. त्या दिवशी धनश्रीने टेबलावर चढायलाच नकार दिला. "मी उद्यापासनं येत न्हाई," ती म्हणाली. आवाजात हट्ट नव्हता, थकवा होता. तो आवाज मला माहीत आहे. माझ्या भिंतीवरचे सगळे मुखवटे त्या आवाजाचे आहेत. निम्मी गाठ वितळली होती, निम्मी बाकी होती. ही पोर आज या दारातून गेली की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मला कळणारच होतं तिचं काय झालं ते.

मी बाकावर सारजाबाईशेजारी जाऊन बसले.

"मावशी, ते तिला काही करणार नाहीत ना?"

"कावून करतील?" ती म्हणाली. "सांजच्याला मेंढरं वाघरीत घातली की हे मोजायचे. एक जरी कमी भरलं तर निजायचे न्हाईत, कंदील घेऊन रान धुंडायचे. त्यांच्या हिशेबात पोर आत हाय आन् हे बाहेर. कसं बसतील गप?" मग पदराने डोळे टिपत म्हणाली, "आन् त्यांचं बी ऱ्हायलंच हाय की वो. तुमचं न ऐकता गेलते. मला लई बार म्हणायचे, म्याडमचं अर्धं काम टाकून आलो. शेवटाला बी तेच बोलत हुते."

मला तेव्हा रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

त्या संध्याकाळी मी बसून गणित केलं. जुन्या मुखवट्यात, गालावर तो करडा थर धरून, धनश्रीच्या गाठीला आणि तिच्या डोळ्यांच्या नसांना किती किरण मिळतो ते पुन्हा काढलं. तिचं सगळं ठरल्या मापात बसत होतं. मग मी आणखी एक गोष्ट केली, जी कुणी करायला सांगितली नव्हती. तिच्या गाठीसाठी फिरणाऱ्या किरणांपैकी जे डाव्या गालातून आत शिरत होते, ते त्या उंचवट्यात किती साठतात ते पाहिलं. थोडे होते. पण तात्याबाचं जेवढं राहिलं होतं, त्याच्यासाठी पुरतील एवढे होते.

युवराजला सांगितलं, जुना मुखवटा काढ. खिळ्यावरून मुखवटा काढताना त्याने आधी त्याच्या पाया पडून घेतलं.

दार लागलं आणि लागलेलं राहिलं. फरक शून्य. किरण फिरू लागला. मी स्पीकरचा आवाज वाढवला. धनश्रीचा श्वास, संथ. तिचे ओठ जाळीखाली दाबलेले, बोलणं शक्यच नाही. आणि त्या श्वासामागून, लांबून यावा तसा, मेंढरं हाकताना जिभेने काढतात तो आवाज. हिर्रर्र... हिर्रर्र... मग म्हाताऱ्या गळ्यातली पुटपुट, एका लयीत, मोजल्यासारखी. युवराजने माझ्याकडे पाहिलं. मी आवाज कमी केला नाही.

उरलेले दिवस तसेच गेले. स्कॅन मी रोज पाहत होते. धनश्रीची गाठ कमी होत होती. आणि जाळीखालचा तो डावा उंचवटाही उतरत होता, जरा जरा, जसा उतरायला हवा तसा. जगात कुठल्याच परिषदेत मी हे सांगू शकणार नाही.

शेवटच्या दिवशी धनश्री टेबलावरून उतरली, एकेक डोळा झाकून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मग दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. "एकच हाय," ती म्हणाली. सारजाबाईने तिची दृष्ट काढली, तिथेच, मशीनच्या दारात.

मग ती माझ्याकडे वळली. "आमच्या मालकांला घरी न्यायचंय."

मला वाईट वाटलं. "मावशी, आता हा धनश्रीचा चेहरा आहे. त्यांचा तर पाण्यात गेला. पुन्हा पाण्यात टाकला तर नुसती पाटी होईल, कोरी."

"टाका तर खरं. काय व्हायचं ते हुईल."

टाकला. धनश्रीचं नाक, कपाळ, हनुवटी विरली. जाळी पारदर्शक झाली आणि तळाशी सपाट बसली. युवराजने ती चिमट्याने उचलून टेबलावरच्या टॉवेलवर पसरली. सपाट, कोरी. मी सारजाबाईकडे बघायचं टाळत हात पुसत होते. थंड होताना शीट जरा आक्रसते, कडा उचलतात, तेवढंच. पांढुरका रंग परत येऊ लागला तसा मध्यभागही उचलला. आधी नाकाचा कणा. मग भुवया. बसलेले डोळे. रुंद जबडा. आम्ही कुणीच हललो नाही. टेबलावर कुणी झोपलेलं नव्हतं आणि जाळी त्याच्या तोंडावरून उठत होती.

तात्याबाच होता. फक्त डावा गाल उजव्यासारखा, सपाट.

सारजाबाईने त्या गालावरून तळवा फिरवला. "हितंच हुती ना?"

"इथेच होती."

"गेली," ती म्हणाली. तिने मुखवटा धडप्यात गुंडाळला, पोटाशी धरला आणि नातीचा हात धरून चालायला लागली. फाटकापाशी तिने मागे वळून मला हात केला. मीही केला. इतकं हलकं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

युवराज घरी गेला. मी मोल्ड रूमचा दिवा बंद करायला आत गेले, आणि सहज त्या भिंतीकडे पाहिलं. निम्म्यावर सोडून गेलेल्यांचे मुखवटे. काहींची नावं मला अजून पाठ आहेत. केशरबाई, जिला सुनेचं बाळंतपण करायचं होतं. बंकट, जो टोळीबरोबर ऊस तोडायला गेला. पाण्याचा हौद केव्हाच थंड झाला होता, खोली कोरडी होती. तरी पहिल्या मुखवट्याच्या आत, नाकपुड्यांपाशी, श्वासाची वाफ बसावी तसं दव धरलं होतं. दुसऱ्याच्याही. मी पदराचं टोक घेतलं आणि एकेक पुसत गेले, कुणाचं नाव न घेता. शेवटच्या खिळ्यापाशी पोहोचून मागे वळून पाहिलं, तर पहिला मुखवटा पुन्हा ओला झाला होता.